दुसरा घाव

पूर्वी शोणपूर नगरात सुबाहू राजाची सत्ता चालू होती. त्या काळी बोधिसत्त्वाने वेणुमती नदीच्या घाटावर एका नावाड्याच्या कुळात जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव धीरक ठेवले. बाप थकला, पुढे वारला, आणि घाट धीरकाकडे आला. शाली नावाची बायको आणि कुंजा नावाची सहा वर्षांची मुलगी, एवढेच त्याचे घर होते.

धीरक कमी बोलणारा माणूस होता. त्याच्याविषयी एक गोष्ट आसपासच्या गावांत सगळ्यांना ठाऊक होती. तो खोटे बोलत नसे. नदीला आज ओढ किती आहे असे कुणी विचारले आणि ती खरोखर जास्त असली, तर तो हातची खेप सोडून देई आणि सांगे, "जास्त आहे. उद्या या." लोक त्याच्यावर चिडत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावेत बसत.

नदीपलीकडच्या डोंगरात त्या सुमारास दोन वर्षे लागोपाठ पीक बुडाले होते. तिकडच्या गावांतली बरीच माणसे घरे टाकून गेली. काहींनी मजुरी धरली, काहींनी टोळ्या केल्या. टोळीवाले नदी ओलांडून अलीकडे येत, एखादे खळे किंवा एखादे घर लुटत आणि परत डोंगरात जात. राजाचे शिपाई त्यांच्या मागे फिरत, पण पोचेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असे.

एके दिवशी भर दुपारी धीरक तीन उतारूंना पैलतीरावर सोडून रिकामी नाव घेऊन परत येत होता. नदीच्या मध्यावर असताना त्याला शालीची किंकाळी ऐकू आली. त्याने झोपडीकडे पाहिले. अंगणात काही हालत होते, पण ऊन डोळ्यांवर येत होते. त्याने अंगातले सगळे बळ लावून नाव ढकलायचा वेळू रेटला. तरी नाव आपल्याच गतीने चालली. ती काठाला लागेपर्यंत जो वेळ गेला, त्यात दुसरी किंकाळी आली नाही, आणि तीच गोष्ट त्याला जास्त भयंकर वाटली.

नाव चिखलात घुसताच तो हातातल्या वेळूसकट उडी मारून धावला. अंगणात एक उंच, हाडे वर आलेला माणूस उभा होता. डाव्या हाताने त्याने कुंजाला छातीशी आवळून धरले होते आणि उजव्या हातातला कोयता तिच्या गळ्याला लावला होता. समोर शालीने घरातले होते नव्हते तेवढे धान्य आणून टाकले होते. माणूस ओरडत होता, "धान्य नको! नावाडी कुठं आहे? मला पलीकडे जायचंय!" शिपाई त्याच्या मागावर असावेत.

धीरकाला पाहताच तो दचकला. कोयता दाबला गेला आणि कुंजाच्या गळ्यावर रक्ताची रेघ उमटली. शाली किंचाळली. त्या आवाजाने माणसाची मान तिच्याकडे वळली, आणि तेवढ्यात धीरकाने वेळू त्याच्या उजव्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. कोयता खाली पडला. कुंजा सुटली आणि धावत जाऊन आईला बिलगली. माणूस गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. त्याचा हात भलत्याच बाजूला लोंबत होता. त्याने मान वर करून धीरकाकडे पाहिले आणि म्हणाला, "थांब."

धीरकाने वेळू उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. माणूस पुन्हा बोलला नाही.

थोड्या वेळाने गाव जमले. गावमुख्याने धीरकाच्या पाठीवर हात ठेवला, बायकांनी कुंजाच्या गळ्याला हळद लावली, तरुणांनी प्रेत ओढत नेऊन नदीच्या वळणावर टाकून दिले. ते कोल्ह्यांना खाऊ द्यावे असे सर्वांचे म्हणणे होते. धीरक दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेला, करंजाच्या झाडाखाली खड्डा खणला आणि त्या माणसाला पुरून आला. का पुरले असे त्याला कुणी विचारले नाही, कारण त्याने कुणाला सांगितले नाही. गावमुख्याने मात्र राजधानीत निरोप धाडला होता की आमच्या नावाड्याने दरोडेखोर लोळवला.

त्या दिवसापासून धीरकाचे जेवणावरून मन उडाले. ताटात घास चिवडत बसलेला पाहून शाली एकदा म्हणाली,

"तुम्ही मारलं नसतं, तर तो पुन्हा आला असता."

"आला असता कदाचित."

"मग झालं तर! आपल्या लेकरासाठीच मारलंत ना?"

"तेव्हा माझ्या मनात हे नव्हतं, शाली."

"मग काय होतं?"

धीरक ताट सारून उठला. खरे सांगायची त्याची तयारी नव्हती आणि खोटे सांगायची त्याला सवय नव्हती.

आठ दिवसांनी पैलतीरावर एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. पायांना फोड आले होते, ती बरीच चालून आली असावी. तिचे नाव मांडवी. धीरकाने तिला हात देऊन नावेत घेतले. नाव पाण्यात आल्यावर ती म्हणाली,

"बाबा, माझा थोरला मुलगा शोधते आहे मी. विरूढ नाव त्याचं. उंच आहे, डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. या बाजूला आला होता. तू रोज माणसं नेतोस, पाहिलास का कुठं?"

त्या माणसाला पुरताना धीरकाने तो व्रण पाहिला होता. त्याच्या हातातला वेळू तळाला टेकला आणि तिथेच राहिला.

म्हातारी पुढे बोलतच होती. "पलीकडे लोक काहीबाही सांगतात. म्हणे इकडच्या नावाड्याने पाच दरोडेखोरांना एकट्याने मारलं, वाघासारखा तुटून पडला. असल्या बढायांवर कोण विश्वास ठेवणार? माझा मुलगा उपाशी होता. कुणाच्या दारात भाकर मागायला गेला असेल, आणि यांनी धरून मारला असेल. मग पाच काय, पन्नासही सांगतील."

"आई, पाच नव्हते," धीरक म्हणाला. "एकच होता. भुवईवर व्रण होता. तो नावाडी मीच."

म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. नाव प्रवाहाबरोबर तिरकी होऊ लागली, तेव्हा त्याने ती सावरली. मग ती काठाला लावली. उतरल्यावर तो तिला करंजाखाली घेऊन गेला. ती ढिगाऱ्याशेजारी बसली, माती चाचपली आणि तशीच बसून राहिली. ऊन उतरल्यावर ती उठली आणि झोपडीच्या दारात आली.

"मी राजाकडे जाते," ती म्हणाली. "माझे आणखी दोन मुलगे डोंगरात आहेत, त्यांच्याबरोबर तीस-चाळीस माणसं आहेत. राजाकडे न्याय मिळाला नाही, तर ते इथं येतील. भीती घालायला सांगत नाही. ते येतील, एवढंच."

ती गेल्यावर शालीने नवऱ्याचा हात धरला. "कशाला सांगितलंत तिला? पाहिला नाही म्हणायचं होतंत. निघून गेली असती म्हातारी."

"तिने मला विचारलं होतं," धीरक म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी राजाचा दूत आला. धीरकाला दरबारात बोलावले होते, आणि ते शिक्षेसाठी नव्हते. सुबाहू राजा तरुण होता, आणि टोळ्यांनी तो त्रासून गेला होता. त्याने मनाशी असे ठरवले होते की या नावाड्याचा भर सभेत सत्कार करायचा, त्याला घाटाजवळची गायराने इनाम द्यायची, आणि मग गावोगाव दवंडी पिटवायची की जो कुणी दरोडेखोर मारील त्याला असाच मान मिळेल.

धीरक गावमुख्याबरोबर निघाला. वाटेत त्याला पुढे चालणारी मांडवी दिसली. तिला गाठून पुढे जावे असे त्याला वाटेना. तो तिच्या मागून, तिच्याच चालीने चालत राहिला. गावमुख्य कुरकुरला, मग कंटाळून एकटाच पुढे गेला. दोन दिवसांच्या वाटेत म्हातारीने एकदाच मागे वळून पाहिले.

सभा भरली. राजाने धीरकाला पुढे बोलावून प्रेमाने विचारले, "नावाड्या, कसा मारलास त्याला? सभेला सांग."

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. मांडवी आत येऊ पाहत होती आणि द्वारपाल तिला ढकलत होते. "दरोडेखोराच्या आईचं इथं काय काम?" राजा म्हणाला. त्याच्या शेजारी सुनेत्र नावाचा वृद्ध अमात्य बसला होता. तो म्हणाला, "महाराज, फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला आपल्या वडिलांनी कधी परत पाठवलं नव्हतं." राजाने खूण केली. मांडवी आत आली.

"माझा मुलगा भाकर मागायला गेला होता," ती म्हणाली. "या माणसाने त्याला मारला. आणि तुम्ही याला फुलं घालता."

गावमुख्य उठला. "महाराज, साफ खोटं! चोराच्या हातात कोयता होता. या नावाड्याच्या पोरीच्या गळ्यावर त्याने कोयता धरला होता. साऱ्या गावाने तिची जखम पाहिली आहे."

"तुम्ही एका गावचे," म्हातारी म्हणाली. "तुम्ही दुसरं काय सांगणार? परवा पाच दरोडेखोर म्हणत होतात, आज एक म्हणता. उद्या त्याच्या हातात तलवारही द्याल."

सगळ्यांनी धीरकाकडे पाहिले.

धीरक उभा होता आणि त्याला एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसत होती. इथे खोटे बोलायची काहीच गरज नव्हती. फक्त लवकर थांबायचे होते. कोयता होता, रक्त आले होते, मी वेळू मारला. एवढे सांगून गप्प बसला असता, तर त्यातला शब्दन् शब्द खरा ठरला असता. पुढचे पाहणारे कोण होते? शाली होती, ती मरेपर्यंत बोलली नसती. कुंजाने आईच्या पदरात तोंड लपवले होते. आणि सगळे सांगितले तर? राजा शिक्षा देईल. मग घाटावर शाली आणि कुंजा दोघीच राहतील, आणि त्याच वेळी म्हातारीचे मुलगे डोंगरातून उतरतील. ज्या दोघींसाठी आपण हात उचलला, त्यांनाच आपण आता उघड्यावर टाकणार, असे त्याच्या मनात आले.

मग त्याने म्हातारीकडे पाहिले. ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आपल्याला आज काय ऐकवले जाणार हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखा तिचा चेहरा होता.

"महाराज," तो म्हणाला, "मी दोन घाव घातले. पहिला त्याच्या कोपरावर. तेव्हा कोयता माझ्या मुलीच्या गळ्यावर होता आणि रक्त आलं होतं. त्या घावाने हात मोडला, कोयता पडला. मुलगी पळत आईजवळ पोचली. तो खाली पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'थांब.' मी ते ऐकलं. मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. दुसरा घाव मी त्याच्या डोक्यात घातला, आणि त्याने तो मेला."

सभेत कुजबुज उठली. राजाचा चेहरा उतरला, पण त्याने नावाड्याला वाट काढून दिली. "तू बाप आहेस. त्याला सोडला असतास, तर तो सोबती घेऊन परत आला असता. हाच विचार तू केलास, होय ना?"

"आला असता किंवा नसता, महाराज. ते मला माहीत नव्हतं. आणि त्या वेळी मी तो विचार केलाच नाही, तो नंतर माझ्या बायकोने केला. मला संताप आला होता. मारताना मला बरं वाटलं."

हे शेवटचे वाक्य त्याने शालीलाही सांगितले नव्हते.

मग मांडवी दोन पावले पुढे आली.

"कोयता तिच्या गळ्यावर होता?"

"होता."

"केवढी आहे तुझी मुलगी?"

"सहा वर्षांची."

म्हातारी तिथेच फरशीवर बसली. तिने दोन्ही हातांनी डोके धरले. सुनेत्राने पाणी मागवले, पण तिने ते घेतले नाही. थोड्या वेळाने ती बोलू लागली. तिचा आवाज फिर्यादीचा राहिला नव्हता.

"महाराज, मी सगळ्यांना खोटं धरून चालले होते. पण ज्याला स्वतःला वाचवायचं आहे तो माझ्या मुलाचा 'थांब' हा शब्द इथवर आणून देणार नाही. तो शब्द याच्याशिवाय दुसऱ्या कुणी मला सांगितला नसता. हा आपल्याविरुद्ध एवढं खरं सांगतोय, तर कोयत्याचंही खरंच सांगत असणार. माझ्या मुलाने सहा वर्षांच्या पोरीच्या गळ्यावर कोयता धरला. हे मला मानावं लागेल."

मग ती धीरकाकडे वळली.

"पहिल्या घावाबद्दल माझं तुझ्याशी भांडण नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही घातला असता. दुसऱ्या घावाची क्षमा मी तुला करत नाही. मरेपर्यंत करणार नाही. पण माझी मुलं तुझ्या घाटावर येणार नाहीत. जसं घडलं तसं मी त्यांना सांगेन. त्यांच्याही घरी मुली आहेत."

धीरकाने हात जोडले. आपल्याला क्षमा मिळाली नाही याचे त्याला दुःख वाटले, आणि ती मिळू नये हेच योग्य आहे असेही वाटले.

राजाने अमात्याकडे पाहिले. सुनेत्र म्हणाला, "महाराज, दवंडी पिटवू नये. घाव किती घातले आणि कशासाठी घातले, हे खरं सांगणारा माणूस प्रत्येक गावात मिळेल असं नाही. मारल्याबद्दल मान मिळतो हे कळलं, की लोक पहिला घाव घालायची वेळ येण्याआधीच दुसरा घालतील. आणि डोंगरातल्या लोकांना कोठारातलं धान्य आधी पोचवावं. ही बाई इथवर अनवाणी आली आहे. तिच्या घरी काय उरलं असेल, याची आपल्याला कल्पना करता येईल."

राजा तरुण होता पण हट्टी नव्हता. त्याने दवंडीचा विचार सोडला. त्या वर्षी शोणपूरच्या कोठारातून बैलांचे तांडे डोंगरात गेले. सगळ्या टोळ्या काही मोडल्या नाहीत, पण बऱ्याच जणांनी कोयते पुन्हा शेतात नेले.

धीरकाचा निवाडा मात्र व्हायचाच होता. खाली पडलेल्या, निःशस्त्र माणसाला मारणाऱ्याला त्या राज्यात तीन वर्षे राजाच्या बंधाऱ्यावर दगड वाहावे लागत. राजा म्हणाला, "मी ही शिक्षा माफ करू शकतो." धीरक म्हणाला, "महाराज, ही बाई इथं उभी असताना करू नये." म्हणून शिक्षा झाली, आणि त्याने ती तीन वर्षे भोगली.

तेवढ्या काळात शालीने नाव चालवली. सुरुवातीला तिचे हात सोलले, एकदा नाव वाळूत रुतली, मग जमले. दुसऱ्या वर्षी एक उंच, अंगाने रोड माणूस पैलतीरावर येऊन थांबला. त्याचा तोंडवळा अंगणात पडलेल्या त्या माणसासारखाच होता, तरी शालीने नाव त्याच्यापाशी नेली. माणूस नावेत बसला. कुंजा नावेच्या टोकाला होती. त्याने तिच्या गळ्यावरच्या पांढऱ्या रेघेकडे एकदा पाहिले, मग तोंड फिरवून पाण्याकडे पाहत बसला. अलीकडे उतरल्यावर त्याने करंजाचे झाड कुठले ते विचारले. शालीने दाखवले. संध्याकाळी तो परत आला, तिने त्याला पलीकडे सोडले. तो पुन्हा कधी आला नाही.

शिक्षा संपवून धीरक घरी आला. त्यानंतरही त्याने पुष्कळ वर्षे घाट चालवला. पुढे त्या परिसरात भांडण झाले आणि दोन्ही बाजू आपापले सांगू लागल्या, की लोक त्याला मध्ये बसवत. वय झाल्यावर तो आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या याच बोधिसत्त्वाने, भिक्खू सीहसेनाला सांगितली. सीहसेन प्रव्रज्या घेऊन भिक्खू होण्यापूर्वी सार्थवाहांच्या व्यापारी तांड्याचा रक्षक होता. धाकट्या भावाला वाचवताना त्याच्या हातून एक माणूस मेला होता. काही भिक्खू त्याला म्हणत, 'आपल्या माणसासाठी केलेस, त्यात दोष नाही.' काही म्हणत, 'हत्या ती हत्या.' दोन्ही ऐकून तो खंगत चालला होता.

कथा ऐकून त्याने विचारले, "भन्ते, पहिल्याच घावात तो माणूस मेला असता तर?"

शास्ता म्हणाले, "तर मूल वाचले असते आणि एक माणूस माझ्या हातून मेला असता. दोन्ही खरे असते. मूल वाचल्याने मरण पुसले जात नाही, आणि मरणाने मूल वाचल्याचे मोल जात नाही. भिक्खू, तू यांतले एक घेऊन दुसरे टाकायला पाहतोस, म्हणून तुला ओझे होते. त्या दुसऱ्या घावाचे फळ मी पुढच्या कितीतरी जन्मांत भोगले. पण तो घाव मी झाकला असता, तर मला आणखी घाव घालावे लागले असते."

मग त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. "तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आज आपल्याला भिक्षा घालणारा ग्रामाधिकारी नंदक. अमात्य सुनेत्र म्हणजे स्थविर उपसम. शाली आणि कुंजा या श्रावस्तीतल्या दोन उपासिका, आजही मायलेकीच आहेत. म्हातारी मांडवी म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणी थेरी चंदवती. नावाडी धीरक तो मीच. आणि अंगणात पडलेला तो माणूस, सीहसेना, तो तू होतास."

सीहसेनाने उठून शास्त्याच्या पायांवर डोके ठेवले, आणि भिक्खूसंघासमोर जाऊन आपल्या हातून घडलेले सगळे, काही न वगळता, सांगितले.

अशा रीतीने बोधिसत्त्वाने, ज्यांच्यासाठी हात उचलला त्यांनाच गमावण्याची भीती असतानाही, सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण व्रत, पाळली.